पूर्णेच्या कांठीं मरळीची राखण

अकोल्याहून अकोटास जातांना वाटेंत गांधीग्राम लागतें. श्रावणांतल्या शेवटच्या सोमवारीं भाविक येथूनच पूर्णेचें पाणी कावडींत भरून अकोल्याच्या राजेश्वरास नेतात, हें वऱ्हाडांतील वाचकांस सांगावयास नको. आम्ही तेथें उतरलों, तों आषाढ नुकताच लागला होता. सातपुड्याकडून नवें पाणी येऊन नदी गढूळ झाली होती, आणि कांठच्या खोलगट जागीं गवतांत पाणी तुंबून राहिलें होतें.

तेथें एक वृद्ध भोई बसला होता. गळ पाण्यांत नव्हता, मांडीवर होता. आमच्या घरीं मत्स्याहार नाहीं, तेव्हां आमची चौकशी केवळ कुतूहलाची. "कां बाबा, आज मासा नाहीं वाटतें?" असें विचारतांच त्यानें बोटानें दाखविलें. गवतालगत पाण्यावर तांबूस ठिपक्यांचा एक पुंजका हालत होता.

"मरळीचे पोट्टे हायेत, बाप्पा. खालतं माय राखण करते."

मग बोलतां बोलतां त्यानें जें सांगितलें, तें प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत शोभावें असें होतें. मरळीस केवळ कल्ल्यांनीं भागत नाहीं. हवा घेण्यास तिला वारंवार वर यावें लागतें, आणि जेथें पाणी फुटतें तेथेंच जाणत्याची नजर खिळते. पावसाळ्यांत जोडी गवतांत जागा साफ करून अंडीं घालते. तीं पाण्यावर तरंगतात. पिलें निघालीं म्हणजे मायबाप त्यांच्याखालीं पहारा करतात. त्या पुंजक्यांत बेडकी लावलेला गळ सोडला, कीं भूक असो वा नसो, मरळ त्यावर तुटून पडते. ती खावयास येत नाहीं, शत्रूस हाकलावयास येते. यासारखी खात्रीची पारध नाहीं! पण राखण करणारें गेलें, कीं पिलांचा निकाल मात्स्यन्यायानें लागतो.

रोहू, कटला, मृगळ यांचेंही तसेंच. पुराबरोबर हे मासे अंडीं घालावयास उथळ पाण्याकडे चढतात, आणि तेव्हांच सहज सांपडतात. सांठलेल्या तळ्यांत ते आपण होऊन वीत नाहींत. १९५७ सालीं डॉ. हिरालाल चौधरी यांनीं ओरिसांतील अंगुल येथें या कुळांतील माशांस मस्तकग्रंथीचा अर्क टोंचून अंडीं घालावयास लाविलें, तेव्हां कोठें तळ्यांसाठीं बीज तयार करण्याचा मार्ग खुला झाला.

आपल्या वऱ्हाडास समुद्र नाहीं. पण कोंकणांतही हाच प्रश्न उभा आहे. दहा भुजांचा माकूल रात्रीं उजेडाकडे येतो, हें कोळ्यांस ठाऊक असतें. त्याच ज्ञानावर समुद्रांत विजेचे प्रखर दिवे आले, आणि २०१७ सालीं केंद्र सरकारास तसल्या मासेमारीवर बंदी घालावी लागली. बहुतेक माकूल वर्षभरच जगतात. अंडीं घालण्यापूर्वींच ते उपसले, तर पुढच्या वर्षीं कोठून यावे?

म्हाताऱ्याच्या मांडीवरचा गळ आतां आम्हांस समजला. तरी आम्हीं विचारलें, "मग आज रित्या हातानें घरीं जाणार?"

"आज हिले काढली, त पुढच्या साली काय काढू?" एवढें बोलून तो उठला आणि नदीच्या कडेनें चालूं लागला.

सायंकाळीं अकोटाहून परततांना पुलावरून पाहिलें. तो दुसऱ्या एका डबक्याशीं बसला होता, आणि या वेळीं गळ पाण्यांत होता. टोपलींत कांहीं पडलें होतें कीं नाहीं, तें मात्र वरून दिसलें नाहीं.