अष्टागरांतील परस

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून बोटीनें मांडव्यास उतरून दक्षिणेची वाट धरली कीं थळ, अलिबाग, नागांव, चौल, रेवदंडा हीं गांवें नारळी-पोफळींच्या सावलींतून एकामागून एक लागतात. हेंच जुनें अष्टागर. प्रवासी बहुधा कुलाब्याचा किल्ला व रेवदंड्याची पोर्तुगीज तटबंदी पाहून माघारीं फिरतात. आम्हीं मात्र भाद्रपदाच्या आरंभीं येथें चार दिवस काढले ते घरांचीं मागील दारें पाहण्यांत. आणि या प्रांताची खरी श्रीमंती तेथेंच आहे, असें आमचें मत झालें.

येथील परसाची रचना साधी व हिशेबी असते. न्हाणीचें पाणी पाटानें अळवास व केळींस जातें. शेण, गोठ्यांतील केर व वाडींतील पालापाचोळा एका खड्ड्यांत कुजत पडतो. चुलीची राख वेलांच्या पानांवर भुरभुरतात, म्हणजे किडीस आळा बसतो. मृगाच्या सरींबरोबर पडवळ, शिराळीं, कारलीं, काकडी यांचें बीं टोंचतात आणि वेल मांडवावर चढवितात. पडवळ वांकडें होऊं नये म्हणून त्याच्या टोंकास लहानसा दगड बांधतात. मांडवाखालून जातांना हे दगड चुकवीत चालावें लागतें! बाजारांतून शक्य तों कांहीं आणावयाचें नाहीं आणि घरांतून कांहीं फुकट जाऊं द्यावयाचें नाहीं, हा या परसाचा नियम.

ऋषिपंचमीस या नियमाची परीक्षा होते. बैलाच्या श्रमाचें अन्न त्या दिवशीं वर्ज्य. म्हणून हातानें लावलेलें अळू, माठ, भेंडी, पडवळ, शिराळें, सुरण, मक्याचें कणीस यांचीच भाजी शिजते. व्रताचा धार्मिक अर्थ ज्यानें त्यानें आपल्या श्रद्धेप्रमाणें घ्यावा. घराच्या मागें नांगराविना पिकणारा भूमीचा एक तुकडा असावा, ही आठवण मात्र तें सर्वांसच वर्षांतून एकदां करून देतें.

पाऊस सरला कीं मांडव उतरतो आणि मुळा, वांगीं, मिरच्या, तांबडा माठ यांचे वाफे होतात. शेजारच्या खाचरांत भातकापणीनंतर उरलेल्या ओलीवर वाल उभा राहतो. कार्ले-खंडाळ्याकडे पांढरा कांदा लागतो. त्या गोडसर कांद्यास आतां भौगोलिक मानांकनही लाभलें आहे.

परसांतील खताचा खड्डा पाहून कोणी नाक मुरडूं नये. आल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनीं इंदूर येथील प्रयोगांवरून १९३१ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत काडीकचरा, शेण, मूत्रानें भिजलेली माती व राख यांचे थर रचून, ओल व हवा राखून, सुमारें तीन महिन्यांत उत्तम खत कसें होतें हें शास्त्रीय रीतीनें मांडलें. ‘इंदूर पद्धति’ म्हणून ती पुढें देशोदेशीं गेली. हा खड्डा तिचाच घरगुती भाऊबंद होय.

तथापि खत पुन्हां करतां येतें, विहीर पुन्हां उपसतां येते. घरचें बीं मात्र एकदां गेलें म्हणजे गेलें. चांगलें निरोगी फळ वेलावरच वाळूं द्यावयाचें आणि त्याचें बीं राखेंत घोळवून मडक्यांत ठेवावयाचें, हें काम घरांतील वडील बायका करीत आल्या. आतां कित्येक घरांस कुलपें आहेत. कोठें वाड्या विकल्या जाऊन सुटीपुरते बंगले उठले आहेत. भोपळ्याचें बीं तीन-चार वर्षें तग धरतें; कांद्याचें वर्ष-दोन वर्षांतच निकामी होतें. म्हणजे घर कांहीं हंगाम बंद राहिलें कीं पिढ्यांचें बियाणें मुकाट्यानें नष्ट होतें. बाजारांतील संकरित बियाणें उत्पन्न भरपूर देतें, परंतु त्याच्या फळांतील बीं पेरल्यास मूळ गुण जसेच्या तसे उतरत नाहींत.

नागांवास एका वृद्ध आजींनीं आम्हांस पुडींत पडवळाचें बीं दिलें आणि अट घातली : “सगळीं खाऊन संपवूं नका. एक तरी वेलावर राखा, आणि पुढल्या वर्षीं त्यांतलें मूठभर मला आणून द्या. आमच्याकडे आतां लावणारें कोणी उरलें नाहीं.”

वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं अजून अशा आजी, काकू असतील. त्यांचीं मडकीं या वर्षींच उघडावीं, प्रत्येक बियाचें नांव व लावण्याचें नक्षत्र लिहून घ्यावें, आणि अंगणांत, गच्चींत, जेथें हातभर माती असेल तेथें त्यांतलें एक तरी रुजवावें.