पाय पुरेल अशी गाडी

आर्णीच्या स्टँडवरून सकाळची यवतमाळ गाडी धरली. कंडक्टरने दोन तिकिटं काढली, यांचं पूर्ण आणि माझं अर्धं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायांना निम्मं भाडं लागतं, तेव्हापासून यांचा एक ठरलेला विनोद आहे. "तुह्यासंगं प्रवास परवडते." आज मात्र ते विनोदाच्या नादात नव्हते. आम्ही निघालो होतो डिझेल पिकअप बघायला, आणि दोघांच्या डोक्यात दोन वेगळ्या गाड्या होत्या.

अरुणावतीकाठचं आर्णी मागे पडलं. डिसेंबरचं ऊन कोवळं होतं. नागपूर-तुळजापूर महामार्गाच्या दोन्ही अंगांना कापूस फुटलेला, मधल्या ओळींत तुरीच्या शेंगा भरत आलेल्या. कमरेला ओटी बांधून बाया वेचणीला लागल्या होत्या. तेवढ्यात एक पिकअप आमच्या बसला मागे टाकून गेली. डाल्यात दहा-बारा जणी उभ्या, एकीचा हात दोरीला, दुसरीचा तिच्या खांद्याला. वळणावर सगळ्या एकदम एका बाजूला कलल्या. लग्नाआधी मीही अशीच वेचायला जायची. डाल्यात माणसं बसवणं कायद्यात बसत नाही, हे तेव्हा कोणाला ठाऊक होतं? मी यांच्याकडे पाहिलं. यांचं लक्ष डाल्याच्या लांबीकडे होतं.

यवतमाळात उतरलो आणि दुकानं पालथी घातली. लहान मालगाड्यांत छोटा हत्ती बाजारात आला २००५ साली, दोस्त २०११ च्या सुमारास. बोलेरो पिकअप तर गावोगावी दिसते. यांना हवी होती सिंगल केबिन, दीड-पावणेदोन टन उचलणारी. यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि फाळक्यापासून केबिनपर्यंत डाला मोजला. दीड दुपट्टा भरला, म्हणजे नऊएक फूट.

"कापूस वजनाले हलका, पण जागा लई खाते," त्यांनी सेल्समनला समजावलं.

मी चढून बसले. क्लच पूर्ण दाबायला सीटच्या टोकाशी सरकावं लागलं, आणि तिथून समोरचं बॉनेट दिसेना. माझी उंची पाच फूट. सेल्समनने पाठीमागे उशी दिली. उशीने पाय पुरला, पण आता कंबर अधांतरी.

"चालवणार तं मीच आहो," हे म्हणाले.

"पहाटे सांबार घेऊन बाजारात कोण येते?" मी विचारलं. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात.

त्यावर यांनी शेवटचं अस्त्र काढलं. पिवळ्या पाटीची गाडी तुह्या लायसनवर चालते का? सेल्समन पोरगा तयारीचा निघाला. "चालते, दादा. नोव्हेंबर २०२४ मधे सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितलं हाय. साडेसात हजार किलोच्या आतली मालगाडी कारच्याच लायसनवर चालवता येते." पिकअप भरली तरी त्या आकड्याच्या निम्म्यापर्यंतच जाते.

मग डबल केबिन काढली. चार दारं, चालकासकट पाच जणांची जागा, मागे टनभर माल. इथे सीट पुढे सरकली आणि माझा पाय तळापर्यंत गेला. यांनी पुन्हा दुपट्टा लावला. एकच दुपट्टा डाल्याला पुरून उरला. डाला जिथे संपला तिथे यांनी गाठ मारली आणि गप्प झाले.

ट्रायलला कळंबपर्यंत जायचं ठरलं, कारण सेल्समन पोरालाही चिंतामणीचं दर्शन घ्यायचं होतं. जाताना उतारावर यांनी चालवली. कळंबचा गणपती जमिनीच्या पोटात आहे, पायऱ्या उतरूनच त्याला भेटायचं. दर बारा वर्षांनी कुंडातलं पाणी चढून त्याच्या पायांना लागतं, अशी श्रद्धा आहे. गार दगडावर बसून मी हिशेब मांडला.

"कापसाच्या खेपा वर्षातून किती?"

"चार. लई झाल्या तं पाच."

"अन् सांबार, वांगे?"

ते बोटं मोजू लागले. आठवड्यातून तीनदा. त्यात आईंना दवाखान्यात न्यायचं, पोरीला होस्टेलवरून आणायचं, वेचणीच्या बाया आणायच्या. चार-चार जणींच्या फेऱ्या कराव्या लागतील, पण बसून येतील. पाच खेपांना भाड्याची गाडी मिळते. बाकीचे दिवस आपल्यालाच काढायचे असतात.

परतताना चाक माझ्या हातात आलं. यवतमाळ पठारावर, त्यामुळे सगळा चढ. समोर उसाचा ट्रॅक्टर रांगत होता. हे काही बोलायच्या आत मी दुसरा गिअर टाकला. शेजारी यांचा डावा पाय हवेत क्लच दाबत होता. माझा खरा क्लच दाबत होता.

बुकिंग केलं नाही. "घरी विचार करू," म्हणत बस धरली. दिवेलागणीला घरी पोचलो. मी चहा टाकला. बाहेर आले तर यांनी दुपट्टा अंगणात अंथरला होता, गाठीपर्यंत. त्याला लागून माझे भाजीचे रिकामे कॅरेट आडवे मांडत होते. तीन बसले. मग ते चौथा उचलून पहिल्यावर ठेवायला वळले.