पडवीतला बल्ब आणि दादाचं ब्लँकेट

ती. आत्या,

दादाने मागवून दिलेलं विजेचं ब्लँकेट तू खोक्यासकट माजघरातल्या कपाटावर चढवून ठेवलंयस, असं वहिनी म्हणाली. का, म्हणून विचारलं तर "बिल कोण भरणार? मी काय काश्मिरात राहते?" हे तुझं ठरलेलं उत्तर. काश्मीरचं सोड, पण बिलाच्या प्रश्नाला उत्तर आहे. ते आकड्यांत आहे म्हणून फोन न करता लिहिते आहे. फोनवर तू आकडा पुरा ऐकत नाहीस, मध्येच कलमांना पाणी सोडायला निघून जातेस. आणि पत्र अंकात छापायला देते आहे ते अशासाठी, की लेकाने हौसेने पाठवलेल्या वस्तू कपाटावर चढवणारी तू एकटी नाहीस.

रत्नागिरीत बसून ब्लँकेटची वकिली करायची म्हणजे हसू येतं खरं. इथे समुद्र थंडीला जवळ फिरकू देत नाही. पौषातही पातळ चादर घेतली की भागतं, आणि पहाटे जरा गारठा जाणवला तर सगळी आळी दोन दिवस त्यावर बोलते. तुमची दापोली वेगळी. आठशे फुटांवरचा तो सडा साहेबाला छावणीसाठी आवडला तो हवेमुळेच. जुनी माणसं अजून कॅम्प दापोली म्हणतात. कृषी विद्यापीठात मोजलेलं तापमान हिवाळ्यात पेपरात येतं, कधी बारा, कधी दहा, कधी त्याच्याही खाली. हापूसला ही थंडी लागते, मोहोर तिच्यावरच फुटतो, म्हणून पारा उतरला की तू खूश. पण कलमांना मानवतं ते सत्तरी ओलांडलेल्या गुडघ्यांना मानवेलच असं नाही. त्यात घर कौलारू. उन्हाळ्यात ज्या फटींतून वारा येतो म्हणून आपण कौलांचं कौतुक करतो, त्याच फटी जानेवारीत पहाटे तीनला आपला हिशोब चुकता करतात.

आता मुद्द्याचं. ब्लँकेटच्या कडेला पांढरी पट्टी शिवलेली आहे, तिच्यावर ७५ वॅट असं छापलंय. दादाने मला फोटो पाठवला होता. हजार वॅटची वस्तू तासभर चालली की एक युनिट, हा साधा हिशोब. म्हणजे हे ब्लँकेट सलग तेरा तास चालवलंस तर कुठे एक युनिट जळेल. रात्री दहाला लावलं, सकाळी सहाला काढलं, मध्ये एकदाही बंद केलं नाही, तरी ०.६ युनिट. महिन्याचे १८.

तुझा वापर महिन्याला सत्तर-पंच्याहत्तर युनिटच्या घरात असतो. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या शंभर युनिटांना वीज आकार आणि वहन आकार मिळून युनिटमागे सहा रुपयांच्या आसपास पडतात, त्यावर १६ टक्के वीज शुल्क. स्थिर आकार ब्लँकेट लावलंस काय नि न लावलंस काय, द्यायचाच आहे. तेव्हा अठरा युनिटांचे झाले सव्वाशे रुपये. इंधन समायोजन आकार एखाद्या महिन्यात दहा-वीस रुपये इकडे-तिकडे करील, तेवढं धरून चाल. थंडीचे दोन महिने धर, अडीचशे झाले. हंगामाच्या सुरुवातीला तू पहिल्या पेटीचा भाव सांगतेस तेव्हा एवढ्या रकमेकडे ढुंकूनही बघत नाहीस.

शंभर युनिट ओलांडले की सगळंच्या सगळं बिल वरच्या दराने येतं, हे तुझ्या डोक्यात कुणी घातलंय कोण जाणे. तसं नसतं. शंभराच्या वर जेवढे युनिट, तेवढ्यांनाच वरचा दर. तो मात्र झोंबणारा आहे, युनिटला अकरा रुपयांच्या पुढे आणि शुल्क निराळं. म्हणजे नाताळात नातवंडं आली, गिझर दिवसभर चालला आणि आकडा एकशे चाळीसवर गेला, तर त्या महिन्यात ब्लँकेटचे हेच अठरा युनिट दोनशे पस्तीस-चाळीसला पडतील. तेव्हा नातवंडांना कुशीत घे, ब्लँकेट नको लावूस.

तुझी जुनी तक्रार मला ठाऊक आहे. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून येऊन पडतं आपल्या पोफळीला, गॅसवरचा प्रकल्प अंजनवेलला, कोळशावरचा जयगडला, आणि दर मात्र आपल्याला तोच जो महावितरणच्या सगळ्या गिऱ्हाइकांना. तक्रार रास्त आहे. पण ती ब्लँकेट कपाटावर ठेवून सुटायची नाही.

उलट बिलाचीच काळजी असेल तर पडवीत बघ. बिबट्याच्या धाकाने तू साठ वॅटचा पिवळा बल्ब संध्याकाळी सातला लावतेस तो सकाळी सहापर्यंत जळतो. अकरा तासांचे ०.६६ युनिट, महिन्याचे जवळजवळ वीस. ब्लँकेटहून जास्त! आणि त्याच्याबद्दल तू कधी चकार शब्द काढला नाहीस. त्या जागी नऊ वॅटचा एलईडी लावला तर महिन्याला तीन युनिटांत भागेल. उरलेल्या सतरांत तुझं ब्लँकेट जवळपास फुकटात बसतं, आणि बिबट्याला उजेडातला फरक कळायचा नाही.

माझ्यावर विश्वास नसेल तर मीटरला विचार. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो, आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकणार ते तिथेच बारीक अक्षरांत छापलेलं असतं. पुष्कळ मीटरांवर हा आकडा ३२०० असतो. दुपारी फ्रिजसकट घरातलं सगळं बंद कर आणि नुसतं ब्लँकेट मोठ्या बटणावर लावून घड्याळ हातात धर. मिनिटाला चार लुकलुकी होतील. पडवीतला बल्ब एकटा लाव, तीनाच्या किंचित वर. पण तो रात्री तीन तास जास्त जळतो, हे विसरू नको. मग गिझर लाव. दोन हजार वॅटचा तो, दिवा इतका भराभर उडेल की तुला मोजताच येणार नाही. अर्धा तास गिझर म्हणजे एक युनिट. दादा आधी रूम हीटर घेणार होता, तोही दोन हजार वॅटचाच. आठ तासांना सोळा युनिट! ब्लँकेटच्या जवळजवळ महिन्याभराएवढी वीज एका रात्रीत, आणि ती सगळी ऊब कौलांतून आभाळात.

दादाला हे सुचलं ते इंग्लंडातल्या अनुभवावरून. २०२२ च्या हिवाळ्यात तिथे विजेचं युनिट सरासरी ३४ पेन्सला गेलं, आपल्या हिशोबाने तीस रुपयांच्या वर. घर तापवणं परवडेना तेव्हा लोकांनी असली ब्लँकेटं घेतली. सगळी खोली तापवण्याऐवजी माणूस तेवढा तापवायचा, एवढीच त्यातली मेख. आपल्याकडे वाकळ हेच करत आली आहे. फक्त वाकळ आधी तुला तापवावी लागते, मग ती तुला तापवते.

एका गोष्टीत मात्र माझं ऐकायचं. तुला साखर आहे आणि पायांना मुंग्या येतात. अशा पायांना चटका लवकर कळत नाही, आणि मंद उष्णता रात्रभर एकाच जागी लागली तरी भाजतं. तेव्हा ते अंगावर घ्यायचं नाही, गादीवर पसरून वर चादर घालायची. नऊला लावायचं, दहाला अंथरुणात शिरताना बटण बंद करून पिनही काढायची. वर वाकळ असली की ऊब पुष्कळ वेळ टिकते. घडी घालून ठेवू नको, आतली तार मोडते. सैल गुंडाळी कर. पावसाळ्यात ते ओलीला राहिलं असेल तर पुढच्या थंडीत आधी उन्हात टाक. मनीला त्यावर बसू द्यायचं नाही, तिच्या नख्या कुठवर जातात ते तुझ्या सोफ्याने पाहिलंय. गरम पाण्याची पिशवीही जवळ असू दे. निसर्ग वादळानंतर लाइट किती दिवस नव्हती ते तुला सांगायला नको, आणि थंडीतही ती जाते तेव्हा विचारून जात नाही.

आता गंमत बघ. सव्वाशेचा आकडा काढला तो आठ तासांचा. तू चालवणार तास एक. म्हणजे महिन्याला सव्वादोन युनिट, पंधरा-सोळा रुपये. तेव्हा पैज लाव. आज मीटरचा आकडा वहीत लिही, आंब्याच्या पेट्यांचा हिशोब लिहितेस त्याच वहीत, म्हणजे हरवणार नाही. वीस दिवस ब्लँकेटशिवाय, वीस दिवस ब्लँकेट लावून, आणि मध्ये बल्ब बदलायचा नाही. फरक पाच युनिटांहून जास्त निघाला तर वरचे पैसे मी भरीन. कमी निघाला तर कच्च्या फणसाचे तळलेले गरे, मोठा डबा.

तुझी,
रत्नागिरीची भाची