बिहागडा, कट आणि वाघबीळचा चढ

म्हैस माझ्यापासून दोन हातांवर उभी आहे आणि तिच्या दुधाचा पेला माझ्या हातात येतोय. शहराच्या ऐन मध्यात! शनिवारची संध्याकाळ, रिक्षांचे हॉर्न, बाजाराची रेटारेटी आणि त्या सगळ्यात गंगावेशीच्या कट्ट्यावर निवांत उभ्या असलेल्या काळ्याभोर म्हशी. मालक उकिडवा बसतो, सडांवर पाणी मारतो, चर्र चर्र धारा काढतो आणि फेसाने काठोकाठ भरलेला पेला पुढे करतो. कोमट, गोडसर, घट्ट. नागपुरात आमचं दूध पिशवीतून येतं, फार तर गवळी दारात येतो. इथे माणसंच म्हशीकडे येतात! माझ्या शेजारी एक गृहस्थ ऑफिसची बॅग खांद्याला तशीच ठेवून पीत होते. त्यांच्या पलीकडे तालमीतला एक पोरगा, कुस्तीने कानाच्या पाळ्या जाड झालेला, पेल्यामागून पेले रिचवत होता. कुणाला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. मी मात्र बघतच राहिले.

‘आणखी एक घ्या की, एकानं काय हुतंय?’ मालक म्हणाला. घेतला.

गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस अख्खं राज्य आडवं कापून कोल्हापुरात येऊन थांबते. मी तिच्या त्या पहिल्या टोकाकडची. दोन्ही टोकांना मराठीच बोलतात, तरी उतरल्यापासून परमुलखात आल्यासारखं वाटत होतं, आणि ते वाटणं इतकं सुखाचं असेल याची कल्पना नव्हती.

कट्ट्यावरून माझी इथली मैत्रीण मला खासबागेकडे घेऊन गेली. शाहू महाराज 1902 मध्ये युरोपला गेले, रोममधलं ते प्राचीन रिंगण त्यांनी पाहिलं आणि परतल्यावर कोल्हापुरात कुस्तीसाठी तसं मैदान उभं केलं. 1912 मधलं हे खासबाग मैदान. मध्ये तांबड्या मातीचा हौदा आणि भोवती चढत गेलेली बैठक. कुठेही बसा, पैलवान दिसतोच. त्याला पाठ लावून 1915 मध्ये महाराजांनी थिएटर बांधलं, आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. भिंतीच्या एका अंगाला नाट्यसंगीत, दुसऱ्या अंगाला कुस्ती! आमच्याकडे गाण्याची सभागृहं सिव्हिल लाइन्सकडे आणि आखाडे जुन्या वस्तीत. एकाचा आवाज दुसऱ्याला ऐकू येत नाही. इथे राजाने गळा आणि दंड शेजारी शेजारी पोसले. 2024 च्या 8 ऑगस्टच्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, हे नाट्यगृह आगीत जळालं. मी गेले तेव्हा ते पुन्हा उभारण्याचं काम चाललं होतं. मैत्रीण त्या रात्रीबद्दल सांगताना घरातलं माणूस गेल्यासारखी बोलत होती.

त्या संध्याकाळचं गाणं होतं जवळच, देवल क्लबात. रंगमंदिराला नाव गोविंदराव टेंब्यांचं. ‘मानापमान’च्या चाली बांधणारे आणि इथेच तयार झालेल्या ‘अयोध्येचा राजा’ या पहिल्या मराठी बोलपटात हरिश्चंद्र झालेले ते टेंबे. अल्लादियाँ खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारचे गायक, त्यामुळे जयपूर-अत्रौली गायकीने या गावात मूळ धरलं. केसरबाई आणि मोगूबाई खाँसाहेबांकडे शिकल्या, मल्लिकार्जुन मन्सूर त्यांच्या मुलांकडे, मंजीखाँ आणि भूर्जीखाँ यांच्याकडे. हे सगळं मी वाचलेलं होतं. वाचणं वेगळं, आणि त्या गावात बसून तो आकार ऐकणं वेगळं. गायिकेने बिहागडा धरला. विलंबित तीनताल. तान सरळ येतच नाही, वळसा घेते, आता तुटली असं वाटतं आणि नेमकी समेवर येऊन बसते. सम आली की सभागृहातून एकदम ‘हां!’ उमटतं. पुढच्या रांगेत पांढऱ्या मिशांचे एक काका बसलेले, डोळे मिटून, मांडीवर बोटांनी मात्रा मोजत. त्यांची मान समेच्या अर्धा क्षण आधीच खाली यायची. त्यांना ठाऊकच असायचं!

बाहेर पडलो, तर गल्लीच्या तोंडाशी हलगी. कानठळ्या बसवणारी, तापवून ताणलेली, तडतडणारी हलगी, जोडीला घुमकं आणि कैताळ. कुठल्याशा मंडळाची मिरवणूक निघाली होती. बिहागड्याचा षड्ज अजून कानात, आणि वर हे कडकडाटाचं वादळ! एवढं अंतर एका गल्लीत कसं मावतं? आमच्यासोबत गाण्याला आलेल्या मैत्रिणीच्या सासूबाईंचेही पाय ठेका धरायला लागले होते, आतल्या गाण्याला दाद देणारे हात इथेही तसेच वर गेले.

मग खाऊगल्ली. गॅसबत्त्या गेल्या, एलईडी आले, पण गाड्यांभोवतीचा धूर तोच असावा. भेळवाला मोठ्या पातेल्यात चुरमुरे, फरसाण, कांदा, कैरी, चिंचेचं पाणी असं काही झपाट्याने कालवतो की चमच्याचा आवाजही तालात येतो. वडे तळले जातायत, मिरच्या तडतडतायत, आईस्क्रीमच्या दुकानासमोर लहान मुलांना खांद्यावर घेतलेले बाप उभे आहेत. रात्रीचे अकरा वाजून गेलेले. कुणालाही घरी जायची घाई नाही.

आणि हीच माणसं पहाटे सायकलवर!

शिवाजी पुलावर पोचलो तेव्हा पंचगंगेवर धुकं होतं. हेल्मेटं, लाल दिवे, तरुण पोरी, डॉक्टर, दुकानदार, निवृत्त मास्तर. रस्ता पन्हाळ्याचा, वीसेक किलोमीटरचा. दोन्ही बाजूंना ऊस, ऊस आणि ऊस. आमच्याकडे पऱ्हाटीवरून नजर थेट क्षितिजापर्यंत जाते. इथे उसाच्या भिंतींमधून रस्ता बोगद्यातून गेल्यासारखा जातो. आणि समोरून येतात ट्रॅक्टर! मागे दोन दोन ट्रॉल्या, त्यांवर डोंगरासारखा रचलेला ऊस, रंगीत दिवे, गोंडे आणि पहाटेच्या थंडीत पूर्ण आवाजात लावलेली गाणी. ते गाणं लांबून येतं, अंगावरून जातं, मागे विरतं, तोवर पुढचा ट्रॅक्टर पुढचं गाणं घेऊन हजर.

केर्ली मागे टाकली, वाघबीळ आलं आणि रस्त्याने मान वर केली. नागपूरच्या सपाटीवर वाढलेल्या मांड्यांना असला चढ म्हणजे नवीच भाषा. मी एका वळणावर थांबले. पाठीमागून आवाज आला, ‘दमलासा व्हय? थांबा की जरा. घाट कुठं पळून जातोय?’ बघते तर हेल्मेटखाली पांढऱ्या मिशा. कालचेच काका!

पन्हाळ्यावर ऊन आलं होतं. 2025 च्या जुलैत जागतिक वारशाच्या यादीत गेलेला हा गड, पण तीन दरवाजाच्या काळ्या दगडावर हात ठेवला तेव्हा आठवला तो 1660 चा जुलै, सिद्दी जौहरचा वेढा, पाऊस आणि विशाळगडाकडे निघालेली पालखी. गडावर बायका चुलीसमोर बसून भाकरी थापतात. पिठलं, ठेचा, मडक्यातलं दही. आम्ही दगडावर बसून जेवलो.

उतरताना काकांनी एका गुऱ्हाळाशी सायकल वळवली. हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. खोलीएवढी काहील, खाली चिपाडांनी पेटलेलं चुलवण, वर उकळणारा रस. हिरवट रसाचा पिवळा होतो, पिवळ्याचा तांबूस. वर येणारी मळी झाऱ्याने सतत काढली जाते. गुळव्या मोजमापाचं काही वापरत नाही; फेस कसा फुगतो ते बघतो, थेंबभर पाक पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळते का पाहतो. वळली! एकदम हाकाटी होते, माणसं काहिलीच्या कड्यांना हात घालतात आणि तो तांबडा लोंढा वाफ्यात ओततात. वास इतका दाट की कपड्यांनाही गोडी चढली. हातावर गरम गुळाचा लपका मिळाला. बाजारातल्या ढेपेची चव मला अजून सापडत नाहीये, त्या लपक्यापुढे.

शेवटी मिसळ. आमचे तर्री-पोहे तिखट म्हणून मी नागपूरभर मिरवत आले. मिसळीवरचा हा रस्सा, हा कट, तसा नाही. आधी कांदा-लसणाची खमंग चव जिभेवर पसरते, तिखट मागाहून येतं आणि कानापर्यंत जातं. पावाऐवजी ब्रेडचे जाड काप. टेबलाभोवती आम्ही सगळे घामेजलेले, हेल्मेटं मांडीवर, बोलणं चढाचं नाही तर कालच्या गाण्याचं. दुसऱ्या तानेला गायिका घाईत समेवर आली, असं एकाचं म्हणणं. तिने मुद्दाम तसं केलं, असं काकांचं.

‘मी तर आज घाट बिहागड्यावरच चढलो,’ काका मला म्हणाले. ‘एका आवर्तनाला एक वळण. पायडल समेवर पडलं पायजे, मग दम लागत न्हाई.’ त्यांनी टेबलावर बोटांनी तीनताल धरला, समोरच्या तरुण पोरीने ग्लासावर तो उचलला, आणि सम गाठता गाठता काका आतल्या बाजूला ओरडले, ‘अरं, कट आणा की!’