डेडस्टॉकमधली पुस्तकं

कर्जत-खालापुरात १९७५ ते १९९०च्या दरम्यान शाळेत गेलेल्यांच्या घरी पुस्तक यायच्या वाटा मोजक्याच होत्या. वडील मुंबईला नोकरीला असतील, तर पगाराच्या दिवशी कर्जत लोकलमधून दादरच्या स्टॉलवरचं एखादं मासिक घरी पोचायचं. खोपोलीच्या कारखान्यात पाळ्या करणाऱ्यांकडे रद्दीच्या भावाने आणलेले जुने दिवाळी अंक असत. शेतीवर असलेल्या घरात पंचांग आणि पोथी. बाकी सगळी भिस्त शाळेच्या कपाटावर.

आणि घरात वाचणारी तोंडं किती! चुलत, मावस, शिकायला येऊन राहिलेला आतेभाऊ. बालभारतीने नोव्हेंबर १९७१मध्ये सुरू केलेला ‘किशोर’ हातात पडला की पहिला हक्क दादाचा. मग ताई. शब्दकोडं पेनने सोडवायला मनाई. पेन्सिलीने सोडवायचं आणि खोडून पुढच्याला द्यायचं. शेवटच्या भावंडापर्यंत अंक यायचा तेव्हा कोड्याच्या जागी कागद भुरभुरीत झालेला असे, आणि नीट पाहिलं तर उत्तरंही दिसत. धाकटे हुशार निघाले, त्याचं एक कारण हे असावं.

वाचायचं ते दिवस मावळायच्या आत. खोपोलीच्या टाटांच्या केंद्रातली वीज १९१५पासून थेट मुंबईच्या गिरण्यांना जात होती. त्याच डोंगरांच्या कुशीतल्या कितीतरी वाड्यांत आमच्या लहानपणीही रॉकेलची चिमणीच होती. चिमणीशी वाचलं की सकाळी नाकपुड्या काळ्या, आणि रात्री किती वेळ जागरण केलंस ते आईला विचारावं लागत नसे.

शाळेचं कपाट मात्र डोळ्यांसमोर लख्ख आहे. हेडसरांच्या खोलीत, नकाशांच्या गुंडाळ्यांशेजारी, जाळीच्या दाराचं लाकडी कपाट. पुस्तकांना खाकी कव्हर, पुठ्ठ्यावर बोरूने टाकलेला दाखल क्रमांक, आत शाळेचा जांभळा शिक्का. आपल्याकडचा पाऊस पुस्तकांच्या मुळावर येणारा. श्रावणापर्यंत कपाटातून कुबट वास यायला लागायचा, पानं एकमेकांना चिकटायची, कसर लागायची. ऑक्टोबरचं ऊन पडलं की बाई सातवीच्या मुलींना घेऊन सगळी पुस्तकं व्हरांड्यात उघडून उभी करत. कणकेची खळ शिजवलेली असे. निखळलेल्या फर्म्यांना दाभणाने भोकं पाडून सुतळीने टाके घालायचे, पाठीवर जुन्या धोतराची पट्टी चिकटवायची आणि वर विटा ठेवायच्या. त्या दोन दिवसांत आम्ही जेवढी पुस्तकं हाताळली तेवढी उरलेल्या वर्षात नाही. टाके घालता घालता अर्धी गोष्ट वाचून व्हायची आणि मग पुस्तक परत आत, कुलूपबंद.

कुलूप का, ते मोठेपणी कळलं. शाळेतली प्रत्येक वस्तू डेडस्टॉक रजिस्टरवर. खुर्ची, घंटा, पृथ्वीचा गोल, तशीच पुस्तकं. तपासणीला साहेब आले की मोजदाद. कमी भरलं तर ज्यांच्या ताब्यात कपाट त्यांनी भरून द्यायचं, ही धास्ती. शे-दीडशे रुपयांची पुस्तकं हरवली तर मास्तरांच्या घरात महिन्याचा किराणा हलायचा. मग ते पुस्तकं वाटतील कशाला? त्यांना दोष देववत नाही.

गंमत म्हणजे पुढे जे जे नवं आलं ते याच रजिस्टरवर चढलं. १९८४मध्ये पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली, तिचे धडे दूरदर्शनवर लागत. त्यासाठी काही शाळांना रंगीत टीव्ही मिळाले, काहींना टू-इन-वन. १९८७च्या खडू-फळा मोहिमेत पुस्तकं आणि विज्ञानपेटी आली. टीव्हीला फुलाफुलांचं कव्हर शिवलं गेलं, विज्ञानपेटीतलं भिंग आम्ही लांबून पाहिलं. आमच्या मुलांच्या वेळी संगणक आले, त्यांनाही कव्हर. आता टॅब आहेत.

साधनं हवीतच. उलट आज जे मिळू शकतं त्याचा आम्हाला हेवा वाटतो. ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीने संगणकावर खुले केलेत, कोड्यासाठी भांडायला नको. विश्वकोश, ज्याचा पहिला खंड १९७६मध्ये आला आणि जो आमच्या शाळेत दाराच्या जाळीतून दिसायचा, तोही फुकट वाचता येतो. कर्जतची जुनी माहिती हवी असेल तर कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्याच्या इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये शोधून उपयोग नाही. ते निघालं तेव्हा कर्जत ठाणे जिल्ह्यात होतं, म्हणून १८८२चा ठाण्याचा ग्रंथ उघडावा लागतो. तो आहे इंग्रजीत, पण पडद्यावर बसल्या जागी सापडतो. मात्र ‘तिकडे बघ’ असं सांगणारं माणूस पाहिजे. डोंगरातल्या वाड्यांत पावसाळ्यात नेट टिकत नाही, तेव्हा हे सगळं आधी उतरवून ठेवणारंही तेच माणूस. कातकरी-ठाकर मुलांच्या आज्यांकडच्या गोष्टी फोनवर टिपून घेऊन त्यांच्याच बोलीत वाचनालयात ठेवायच्या, तर तेही यंत्र आपण होऊन करत नाही.

आणि नेमकं माणूसच नाही. शिक्षणहक्क कायद्याने २००९मध्ये प्रत्येक शाळेला वाचनालय, वर्तमानपत्र आणि गोष्टींची पुस्तकं द्यायला सांगितलं. पण माध्यमिक शाळेत पट पाचशेच्या वर गेल्याशिवाय अर्धवेळ ग्रंथपालही मंजूर होत नाही, पूर्णवेळ तर हजारावर. दीडशे पटाच्या आपल्या गावशाळेला तो कधी मिळणार? जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकी शाळेचं तर नावच नको.

दहावीच्या बॅचचे स्नेहमेळावे हल्ली जोरात असतात. व्हॉट्सॲपवर वर्गणी जमते, शाल-श्रीफळ होतं आणि शाळेला स्मार्ट टीव्ही भेट दिला जातो, मागे बॅचच्या नावाचं स्टिकर लावून. यंदा तो टीव्ही राहू द्या. त्या पैशांत गावातल्या एखाद्या पदवीधर सुनेला वर्षभर मानधन द्या, शाळा सुटल्यावर दोन तास वाचनालय उघडं ठेवायला. आणि मुख्याध्यापकांना सगळ्यांच्या सह्यांनिशी लिहून द्या, की मुलांच्या हातून जी पुस्तकं फाटतील-हरवतील त्यांची भरपाई आमची बॅच करील.