डोंगराची तहान

मृगाचा पहिला पाऊस पडला आणि त्याच आठवड्यात आम्ही नऊ जणांनी कपिलधारला जाण्याचे ठरविले. परीक्षा नुकतीच संपली होती. रविवारी अभ्यासकेंद्रात एकत्र येणारे आम्ही सारे. कुणी शेती करणारा, कुणी दुकान चालविणारा, कुणी शाळेतला शिपाई. ताडकळसच्या सपाट काळ्या रानात वाढलेल्या माणसाला डोंगराचे मोठे अप्रूप असते. आमच्याकडे पाणी आडवे वाहते; उंचावरून कोसळणारे पाणी पाहायचे तर बालाघाट गाठावा लागतो.

निघण्यापूर्वी घरी वडिलांशी माझे बोलणे झाले. बोलणे कसले, वादच तो. दोन तास दणकून पाऊस झाला होता आणि शेजारच्या दोघांनी सोयाबीन पेरण्याची तयारी चालविली होती. वडील म्हणाले, "थांब जरा. रान अजून तहानलेलंच हाय." मी म्हणालो, "आप्पा, मृग साधला की पीक साधतं, हे तुम्हीच सांगत आलात." ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरणी करू नये, हा परभणीच्या कृषी विद्यापीठाचा सल्लाही मला ठाऊक होता. परंतु अंगणात तुंबलेले पाणी पाहून तो आकडा मी मनातल्या मनात पुरा करून टाकला. वडील पुढे काही बोलले नाहीत. वापसा येताच ट्रॅक्टर सांगून चार एकर पेरले आणि दुसऱ्या दिवशी पाठीवर पिशवी टाकून मित्रांबरोबर निघालो.

परभणी, पाथरी, माजलगाव असे करीत एस.टी.ने बीड गाठले. तेथून मांजरसुंब्याला उतरून पुढची वाट पायी धरली. कपिलधार हे 'परमरहस्य'कार संतकवी मन्मथस्वामींच्या समाधीचे स्थान. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला या वाटेवर दिंड्यांची रीघ लागते. आम्ही गेलो तेव्हा वाट रिकामी होती. पाठीवर शिधा, अंथरूण आणि प्लॅस्टिकचे मेणकापड; चालताना प्रत्येकाच्या तोंडी धबधबाच. वळण आले की कुणीतरी थांबून कानोसा घेई. आवाज मात्र काही येईना.

दर्शन घेऊन आम्ही कड्यापाशी गेलो. काळ्या कातळावरून करंगळीएवढी धार ओघळत होती. वारा आला की तीही बाजूला सरके. आमच्यातला एकजण म्हणाला, "याच्यापेक्षा आमच्या पत्र्याची पन्हाळ जोरात वाहते." सगळे हसले. मीही हसलो, पण पाऊस होऊन आठवडाही लोटला नसताना ही स्थिती कशी, हा प्रश्न मनातून जाईना.

त्याचे उत्तर संध्याकाळी मिळाले. आभाळ भरून आले म्हणून मुक्कामाच्या जागी मेणकापडाभोवती चर खणायला घेतला. वरची चार बोटे माती ओली होती. त्याखाली मात्र खुरप्याला लागली ती पिठासारखी कोरडी माती. खणणे थांबवून मी ती मुठीत घेतली. बोटांमधून ती गळून गेली. ते आभाळही रात्री न बरसताच निघून गेले.

बालाघाट हा लाव्हारसाच्या थरांवर थर साचून झालेल्या बेसाल्टचा डोंगर. कठीण कातळाच्या मध्ये ठिसूळ थर, मुरूम आणि असंख्य फटी आहेत. उन्हाळाभर तापलेल्या या डोंगरात पहिल्या सरींचे बरेचसे पाणी मुरते. माती आणि फटी भरत आल्या की पाझर फुटतात, ओहोळ धावू लागतात आणि मग कड्यावरून पाणी कोसळते. हे सारे मी पुस्तकात वाचलेले होते. त्या रात्री मात्र मी निराळाच हिशेब करीत होतो. जेथे जेमतेम वीतभर माती आहे, त्या डोंगराची तहान भागली नसेल, तर आमच्या पुरुषभर खोल काळ्या मातीची कशी भागली असेल? उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाऊस आधी त्या भेगांतून खाली उतरतो, आणि वर ओल राहते ती बियाण्याला फसविण्यापुरती.

परतल्यावर चार-पाच दिवसांत अंकुर वर आले. वडील बांधावर उभे राहून नुसते पाहत राहिले. नंतर पावसाने उघडीप दिली. ऊन आणि वारा यांनी दोन आठवड्यांत ती हिरवी रेघ पुसून टाकली. दुबार पेरणीसाठी बियाणे उसनवारीवर आणावे लागले. त्या दिवसांत वडिलांनी मला एका शब्दानेही टोचले नाही, आणि तेच मला अधिक लागले.

जुलैच्या आरंभी तीन दिवस झड लागली. वापसा आल्यावर वडिलांनी शेताच्या मधोमध बसून खुरप्याने हातभर खणले, तळातून मातीचे ढेकूळ काढले आणि माझ्या हातावर ठेवले. ते गार होते, जड होते. मूठ आवळली तरी फुटले नाही. वडील उठत म्हणाले, "आता सांग ट्रॅक्टर."

श्रावणात मित्र पुन्हा कपिलधारला जाऊन आले. धबधब्याचा आवाज वाटेवरूनच ऐकू येत होता, असे त्यांनी सांगितले. मी गेलो नव्हतो. सोयाबीन फुलावर होते, आणि त्या वर्षी मला रानातून हलावेसे वाटत नव्हते.