पांढऱ्या पेशींची शिदोरी

रक्ततपासणीचा अहवाल हाती आला की आपली नजर आधी हिमोग्लोबिनवर जाते. त्याच कागदावर ‘न्यूट्रोफिल्स’ अशी एक ओळ असते. तिच्याकडे आपले क्वचितच लक्ष जाते. गेली सहा वर्षे आईची शुश्रूषा करताना मला त्या ओळीचा अर्थ हळूहळू उमगत गेला. वृद्धांची काळजी वाहणाऱ्या आपणा सर्वांना तो उपयोगी पडेल, असे वाटते.

न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींपैकी संख्येने सर्वांत अधिक. निरोगी प्रौढाच्या अस्थिमज्जेत त्या रोज सुमारे १०,००० कोटी तयार होतात. रक्तात त्यांचे आयुष्य अल्प असते. जंतू दिसल्यावर शस्त्रे घडवीत बसण्यास त्यांना सवड नसते. म्हणून प्रवासाला निघणाऱ्याबरोबर शिदोरी द्यावी, तशी अस्थिमज्जा त्यांच्या पोटातील सूक्ष्म कणांत प्रथिने आधीच भरून ठेवते. त्यांतील लायसोझाइम जंतूंची भिंत विरघळवते. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ मध्ये वर्णिलेले हे प्रथिन आपल्या अश्रूंतही असते. लॅक्टोफेरिन जंतूंना लागणारे लोह स्वतःकडे बांधून ठेवते. ते मातेच्या दुधातही असते. मायलोपेरॉक्सिडेजच्या साहाय्याने तर, पाण्यात क्लोरीन मिसळल्यावर होते तेच जंतुनाशक आम्ल तयार होते.

हे शेवटचे प्रथिन रंगाने हिरवे असते. आईला एका हिवाळ्यात हिरवट कफ पडू लागला, तेव्हा ‘आता अँटिबायोटिक हवेच’ असे जो तो सांगू लागला. आमच्या डॉक्टरांनी छाती तपासली, रक्तातील ऑक्सिजन पाहिला आणि म्हणाल्या, “हा रंग जंतूंचा नव्हे, लढणाऱ्या पेशींचा आहे. विषाणूंमुळे झालेल्या सर्दीखोकल्यातही तो दिसतो.” विश्रांती, कोमट पाणी आणि बारीक लक्ष, एवढ्यावर दोन आठवड्यांत खोकला ओसरला.

पुढच्याच वर्षी मात्र आईला ना कफ होता, ना ताप. तिने फक्त जेवण नाकारले आणि दुपारी मला मावशीच्या नावाने हाक मारली. तपासणीत न्यूमोनिया निघाला. वेळीच उपचार झाल्याने ती सावरली.

म्हणून आपणांस विनंती आहे, केवळ कफाच्या रंगावरून औषध ठरवू नका आणि घरात उरलेल्या गोळ्या देऊ नका. दमा वा फुप्फुसाचा जुना विकार असेल, तर रंगातील बदल डॉक्टरांना अवश्य कळवा. धाप, एकाएकी झालेला गोंधळ, गळून जाणे, अन्नावरची वासना उडणे, ही लक्षणे तापाविनाही गंभीर असू शकतात; अशा वेळी थांबू नका.

आणखी एक गोष्ट. याच कणांतील इलॅस्टेज हे प्रथिन मोकाट सुटले, तर आपल्याच फुप्फुसाचे लवचीक धागे तोडते. त्याला आवरणारे प्रथिन आपले यकृत तयार करते. तंबाखूचा धूर नेमके तेच निकामी करतो. घरातील बिडी-सिगारेट बंद करणे, हे या पेशींच्या लढ्याला आपण दिलेले मोलाचे साहाय्य होय. त्या आपले काम न सांगता करीत असतात; आपण निदान त्यांची वाट अवघड करू नये.